ओवळ्याच्या बंगल्यामागे गॅरेज बांधायचंय? आधी पाण्याचं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याजवळ जुना बंगला, मागच्या अंगणात साधारण १८ फूट बाय ३५ फूट मोकळी जागा. घरात एक जुनी जिप्सी, एक बुलेट आणि रोजची सीएनजी वॅगन-आर. शनिवार-रविवारी जिप्सीची कामं स्वतः करायची आहेत. पत्र्याची शेड पुरेल का, पिट (गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा) खोदू का, पुढे गाडी उचलणारी लिफ्ट बसवता येईल का आणि परवानगीची भानगड किती?

मी ठाणे-नवी मुंबईत सत्तावीस वर्षं बांधकामं घेतोय आणि नेरूळला खाडीकडच्या बाजूला माझं स्वतःचं एक छोटं गॅरेज आहे. खरं म्हणजे ते दोनदा बांधलंय. पहिल्यांदा जे चुकलं त्यातूनच हे उत्तर आलंय, म्हणून सुरुवात पिटपासून करतो.

पिटचा मोह मला कळतो. गाडीखाली उताणं पडून गिअरबॉक्सचं ऑईल बदलताना ते कोपरापर्यंत ओघळलं की माणूस कुदळ शोधायला लागतो. मीही तसाच खोदला होता. तीन फूट रुंद, दहा फूट लांब, पाच फूट खोल, विटांचा, आतून छान घोटीव गिलावा. मे महिन्यात त्यात उभं राहून मी एका मित्राचा सायलेन्सर बदलला आणि स्वतःवर फार खूश झालो. जुलैत एका सकाळी शटर उघडलं तर पिट काठोकाठ भरलेला, वर ऑईलचा इंद्रधनुषी तवंग आणि त्यावर तरंगणारी माझी लाकडी फळी. पंप लावून उपसला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. दिवाळीनंतर आतून वॉटरप्रूफिंग करून घेतलं. पुढच्या पावसाळ्यात पाणी आत आलं नाही, पण तळाचा कोबाच मधोमध फुगून फुटला. पाण्याला आत यायची वाट बंद केली, तेव्हा त्यानं खालून खांदा लावला.

हा दैवाचा कोप नव्हता, साधा हिशेब होता. आतून ३ × ०.९ मीटर आणि दीड मीटर खोल पिट आरसीसीत केला, भिंती आणि तळ सहा इंची धरला, तर बाहेरून तो साधारण साडेसहा घनमीटर जागा व्यापतो. भोवतीचं पाणी जमिनीच्या पातळीपर्यंत आलं की ते या रिकाम्या पेटीला साडेसहा टनांनी वर उचलतं. पेटीचं स्वतःचं वजन सव्वासहा टनांच्या आसपास. म्हणजे आरसीसीचा पिटही नुसत्या स्वतःच्या वजनावर बसून राहत नाही, विटांच्या पिटाची तर गोष्टच सोडा.

तुम्ही म्हणाल, नेरूळ भरावाची जमीन, आमचं ओवळं डोंगराच्या पायथ्याशी. बरोबर. नवी मुंबईच्या खाडीलगतच्या पट्ट्यात खाली मऊ काळी चिकणमाती आहे आणि मोठ्या भरतीला गटारांचं पाणी खाडीत उतरतच नाही, त्यासाठीच तर सिडकोनं धारण तलाव ठेवले, भरती ओसरेपर्यंत पावसाचं पाणी साठवायला. तुमच्याकडे मुरूम, दगड-गोटे आणि खाली काळा पाषाण. पण डोंगरावर पडलेलं पाणी मुरमातून झिरपत पाषाणाच्या पाठीवरून खाली सरकतं आणि तुमचा पिट नेमका त्याच्या वाटेत आडवा येतो. पावसाळ्यात तुमच्याकडे कडेच्या गटारात, पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी स्वच्छ पाणी वाहताना दिसतं ना? ते हेच.

तरीही पिट हवाच असेल तर आधी अंगणात चार-पाच फुटांचा एक साधा खड्डा खणा, त्यावर पत्रा टाका, भोवती मातीचा बांध घाला म्हणजे वरचं पाणी आत जाणार नाही, आणि ऑगस्टभर त्यात डोकावत राहा. खड्डा कोरडा राहिला तर पुढे बोलू.

पिटबद्दल दुसरी गोष्ट पाण्याहून गंभीर आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती जमिनीवरून पाण्यासारखी वाहत जाते आणि पिटात साचते. कार्ब्युरेटर उघडला, थोडं पेट्रोल सांडलं आणि खाली कुणी साधा हातदिवा घेऊन उतरलं, की बास. एक्झॉस्टचा कार्बन मोनॉक्साइड अशा बंदिस्त खड्ड्यात सहज कोंडतो, आणि त्याला तर वासही नाही. त्यामुळे माझं मत सरळ आहे: घरच्या गॅरेजला पिट नको. चांगले रॅम्प, चार दणकट जॅक स्टँड आणि खाली सरकायला चाकांची फळी यावर जिप्सीची जवळजवळ सगळी कामं होतात. माझा पिट मी मुरमानं भरून टाकला.

आता परवानगी. अंगण आपलं असलं तरी त्यात पक्कं बांधकाम म्हणजे विकासकाम, आणि त्याला ठाणे महापालिकेची मंजुरी लागते. सध्या आपल्याकडे २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. बंगल्याच्या मागच्या-बाजूच्या मार्जिनमध्ये (हद्दीलगत मोकळी सोडायच्या जागेत) गॅरेज कुठे, किती मापाचं, किती उंच असू शकतं, ते चटईक्षेत्रात धरतात का, हे तुमच्या भूखंडावर आणि आधी काय मंजूर झालंय यावर ठरतं. म्हणून बंगल्याचा मूळ मंजूर नकाशा शोधा आणि तो घेऊन वास्तुविशारदाकडे जा. घोडबंदर पट्ट्यात आणखी एक तपासणी हवी: तुमचा भूखंड संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात येतो का. ती अधिसूचना २०१६ ची आहे. नवी मुंबईत रो-हाऊसवाल्यांना वेगळं कोडं असतं, कारण सिडकोची जमीन साधारणपणे ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली असते आणि करारातल्या अटी वाचाव्या लागतात. ‘पत्र्याचं आहे, तात्पुरतं आहे’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ ची, म्हणजे विनापरवाना बांधकाम हटवायची, नोटीस पत्रा की स्लॅब बघून येत नाही. बहुतेक वेळा ती शेजाऱ्याच्या तक्रारीवरून येते, आणि शेजारी तक्रार करतो ती आवाजाची. त्यावर पुढे येतोच.

लिफ्टचा प्रश्नही या परवानगीतच अडकलाय. दोन खांबी लिफ्टवर जिप्सी माणसाच्या डोक्याएवढी उचलायची तर गाडीची उंची जवळपास १.९ मीटर, उचल १.८ मीटर, म्हणजे आत साडेबारा फूट मोकळी उंची हवी. मार्जिनमधल्या गॅरेजला एवढी उंची मिळणं कठीण. तुमच्या वास्तुविशारदानं ती मिळवली तर उत्तम. नाही मिळाली तर जमिनीलगत बसणारी, कमरेएवढं उचलणारी सिझर लिफ्ट घ्या, ती साडेनऊ-दहा फुटांत भागते. पण काहीही होवो, गॅरेजची काँक्रीटची जमीन ओततानाच लिफ्टच्या दोन खांबांखाली प्रत्येकी चार बाय चार फूट जागा फूटभर जाड करून ठेवा आणि तिथून विजेची किंवा पाण्याची नळी नेऊ नका. आज त्यासाठी थोडं जास्तीचं काँक्रीट जातं. पाच वर्षांनी हेच करायचं तर जमीन फोडावी लागते.

मापाचं म्हणाल तर आतून १४ फूट बाय २४ फूट धरा. जिप्सी चार मीटर लांब आणि दीड मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना चार-साडेचार फूट राहतात. दार पूर्ण उघडून, चाक काढून, शेजारी स्टूल टाकून बसायला एवढं लागतंच. पुढे कामाचं बाक आणि त्यावर वाइस (वस्तू घट्ट धरणारा शिकंजा), कोपऱ्यात बुलेट. वॅगन-आर रोज आतच लावायची असेल तर शनिवारी ती बाहेर काढावी लागेल. त्यासाठी गॅरेज मोठं करू नका, तो खर्च जमिनीत घाला.

जमिनीवर मी पैसे का घालायला सांगतो? कारण बाकी सगळं नंतर बदलता येतं. पत्रा बदलता येतो, शटर बदलतं, वायरिंग पुन्हा करता येतं. जमीन एकदाच. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड फूट वर घ्या. तुमच्या घराला २६ जुलै २००५ चं पाणी कुठवर आलं होतं हे जुन्या माणसांना विचारा आणि त्या खुणेच्या वर राहा. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला, आणि तुमच्या डोंगरउतारावर पाण्याला शिवाय वेगही असतो.

भराव मुरमाचा, सहा-सहा इंचांच्या थरात, प्रत्येक थरावर पाणी मारून यंत्रानं दाबलेला. ठेकेदार दोन फूट मुरूम एकदम ओतून वरवर धुम्मस फिरवतात, तिथंच पुढच्या भेगा पेरल्या जातात. त्यावर नऊ इंच रबल सोलिंग (दगडांचा थर), मग पातळ पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), त्यावर जाड प्लास्टिकचा अखंड कागद, जोडांवर फूटभर चढवून. हा कागद मजुरांना नकोसा असतो, पायात येतो, फाटतो. उभं राहून करून घ्या. जमिनीतली ओल वर चढते ती इथंच अडते. वर सहा इंच काँक्रीट, ताकदीची प्रत एम-२५ तरी, खाडीजवळ असाल तर एम-३०, आणि १० मिलीमीटर सळईची २०० मिलीमीटरवर जाळी. ही जाळी बिस्किटांवर (सिमेंटच्या छोट्या ठोकळ्यांवर) उचललेली असली पाहिजे. ओतताना ‘नंतर वर ओढून घेऊ’ म्हणतात, कुणी ओढत नाही. १४ बाय २४ ला पावणेपाच घनमीटर लागतं, जाड केलेल्या जागा धरून साडेपाचच्या आत. रेडीमिक्सच्या सहा घनमीटरच्या एका ट्रकात काम होतं. हातानं कालवलेल्या मालापेक्षा हे केव्हाही बरं, फक्त ट्रक मागच्या अंगणापर्यंत पोचतो का ते आधी बघा, नाहीतर पंपाचं भाडं वेगळं.

वरून ट्रिमिक्स (ओल्या काँक्रीटमधलं जास्तीचं पाणी यंत्रानं ओढून घेणं) आणि पृष्ठभाग कडक करणारा हार्डनर. दुसऱ्या दिवशी मधोमध कटरनं दीड-दोन इंच खोल काप, म्हणजे भेग पडायचीच असेल तर त्या रेषेत पडेल. मग मातीची आळी करून दहा-बारा दिवस पाणी साठवून ठेवा. टाइल्स लावू नका. जॅकखाली पहिल्याच महिन्यात फुटतात आणि ऑईल सांडलं की त्यावरून माणूस बर्फावरून गेल्यासारखा जातो.

उताराबद्दल वाद आहे. पुस्तकी उत्तर शंभरात एक. पण जॅक आणि स्टँड लावायचे तर जमीन जितकी सपाट तितकं बरं. मी माझ्याकडे कामाची जागा जवळजवळ समतल ठेवली, दोनशेत एक, आणि फक्त दारालगतचे चार फूट बाहेरच्या जाळीकडे उतरते केले. गाडी धुणं बाहेर. पावसातून आलेल्या गाडीचं पाणी वायपरनं दाराकडे ओढतो, दोन मिनिटांचं काम. दाराबाहेरच्या या जाळीचं पाणी थेट गटारात सोडू नका. मध्ये तीन कप्प्यांचं चेंबर करा: पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यात ऑईल वर तरंगत राहतं, तिसऱ्यात बऱ्यापैकी स्वच्छ पाणी खालच्या नळीतून जातं. तुमच्या गटाराचं पाणी शेवटी घोडबंदरच्या खाडीतच जातं. काढलेलं इंजिन ऑईल मात्र या चेंबरातही नको. डब्यात साठवा आणि अशा वर्कशॉपला द्या जिथून ते परवानाधारक पुनर्प्रक्रियेकडे जातं.

भिंतींबाबत फार सांगण्यासारखं नाही. सहा इंची ब्लॉक, दोन्हीकडून गिलावा. फक्त भोवतालची भिंत जमिनीखाली दीड-दोन फूट काँक्रीटमध्ये उतरवा. हे घुशींसाठी. गटारालगतच्या मोकळ्या भरावात घूस शिरली की सोलिंगखालचा मुरूम पोखरून बाहेर ढीग घालते आणि मग तुमची सहा इंची जमीन हवेवर उभी राहते. उंदीर वायरिंग खातात तो वेगळा ताप.

छप्पर पत्र्याचंच करा, पण ‘शेड’ म्हणून नव्हे. रंगीत गॅल्व्हल्यूम पत्रा, शक्यतो खाली फोम असलेला सँडविच पॅनल. नुसत्या पत्र्याखाली मे महिन्यात काम होत नाही, आणि जुलैत पाऊस इतका वाजतो की समोरच्याला ओरडून पाना मागावा लागतो. शिवाय पहाटे पत्रा गार पडला की आतून घाम फुटतो आणि थेंब नेमके उघड्या इंजिनवर. स्क्रू रबरी वॉशरचे, आणि पन्हाळीच्या खोबणीत नव्हे, उंचवट्यावर. पश्चिम-नैर्ऋत्येला छप्पर तीन फूट बाहेर काढा, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील. दारही त्या दिशेला नको, पावसाळी वारा तिकडूनच येतो. अंगणाच्या आकारामुळे नाइलाज असेल तर दारावर खोल पडवी घ्या. छपराचं क्षेत्रफळ चाळीस चौरस मीटर धरलं आणि तासात शंभर मिलीमीटर पडला तर ताशी चार हजार लिटर पाणी येतं. दोन्ही टोकांना एकेक चार इंची पाइप द्या. एकच दिला तर वडाचं एक पान पुरतं.

लोखंडी खांब घेणार असाल तर त्यांचे पाय जमिनीच्या वर ठेवा. सहा इंच काँक्रीटचा ठोकळा, त्यावर बेस प्लेट. आपल्याकडे शेड कोसळतात त्या वरून नाही, पायातून. जमिनीलगत पाणी साचून खांब आतून खातो, बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार. नुसता रेड ऑक्साइड फासून खाडीच्या हवेला तोंड देता येत नाही. गॅल्व्हनाइज्ड ट्यूब घ्या किंवा इपॉक्सी प्रायमरवर दोन हात.

हवा खेळती ठेवणं हे तुमच्या बाबतीत दुहेरी आहे, आणि बरेच जण यातला अर्धाच भाग करतात. पेट्रोलची वाफ खाली बसते, म्हणून समोरासमोरच्या भिंतींत जमिनीपासून वीतभर उंचीवर जाळ्या हव्यात. वॅगन-आरमधला सीएनजी मात्र हवेपेक्षा हलका, तो गळला तर छपराच्या आढ्याखाली साचतो. म्हणून आढ्यालाही वाट हवी, सबंध लांबीची उघडी फट आणि तिच्यावर टोपी. गोल फिरणारा व्हेंटिलेटर दिसायला छान, पण त्याच्या बुडाशी फ्लॅशिंग (सांधा झाकणारी पट्टी) नीट नसेल तर तिसऱ्या पावसाळ्यात तिथूनच गळतं. इंजिन चालू ठेवून काम करायचं तर सायलेन्सरला होजपाइप लावून धूर बाहेर काढा, शटर अर्धं उघडं आहे यावर विसंबू नका.

वीज घराच्या मुख्य बोर्डावरून स्वतंत्र एमसीबीवर घ्या. आर्मर्ड केबल अडीच फूट खोल, वाळूत, वर विटांचा थर. गॅरेजात स्वतःचा छोटा बोर्ड, ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की प्रवाह तोडणारा स्विच) आणि वेगळं अर्थिंग. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून ग्राइंडर चालवणारे मी पाहिलेत, त्यांच्यासाठी हा आरसीसीबी आहे. सगळे सॉकेट चार फुटांवर, पूर आणि वाफ दोन्हींच्या वर. दोन एचपीचा कंप्रेसर आणि साधा इन्व्हर्टर वेल्डर सिंगल फेजवर चालतो, पण दोन्ही एकदम नको, आणि मंजूर भार वाढवून घ्या. दिवे मधोमध लावू नका. बॉनेट उघडलं की आपलीच सावली इंजिनवर पडते. गाडीच्या दोन्ही कडांवर येतील अशा दोन रांगा करा.

कंप्रेसर बाहेर मागच्या भिंतीला छोट्या खोपट्यात ठेवा, आतून रॉकवूल, खाली रबर. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. नियम राहू दे, रविवारी दुपारी दोन ते चार शेजारचे काका झोपतात एवढं लक्षात ठेवलं तरी कलम ५३ तुमच्या वाट्याला यायची शक्यता बरीच कमी होते. आणि मित्रांच्या गाड्या पैसे घेऊन दुरुस्त करायला लागलात की ते घरचं गॅरेज राहत नाही, तेही ध्यानात असू द्या.

पेट्रोल साठवण्याबाबत कायदा स्वतःच्या वापराला ३० लिटरपर्यंत विनापरवाना मुभा देतो. मी पाच लिटरच्या वर कधी ठेवत नाही, तेही लोखंडी कॅनमध्ये. सहा किलोचा एबीसी अग्निशामक दाराजवळ टांगा. बाकामागे टांगला तर आग तुमच्या आणि त्याच्या मध्ये असते.

शेवटी एक घाबरवणारी गोष्ट, जी बहुतेकदा घाबरण्यासारखी नसते. मृगाच्या पहिल्या सरींनंतर जमीन ओली दिसेल आणि तुम्ही ठेकेदाराला फोन लावाल. थांबा. दोन बाय दोन फूट प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीनं जमिनीवर चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. ओल प्लास्टिकच्या वर असेल तर ती दमट हवेची आहे, गार जमिनीवर निवळलेली. पंखा लावा, हत्यारांना ऑईलचा हात फिरवून बंद खणात सिलिका जेलच्या पुरचुंड्या टाका. ओल प्लास्टिकच्या खाली असेल तर काँक्रीटखालचा तो कागद कुठंतरी फाटलाय, आणि मग फोन लावायला हरकत नाही.

वेळापत्रक असं ठेवा: या ऑगस्टात खड्डा आणि निरीक्षण, पावसाळा सरेपर्यंत नकाशे आणि अर्ज, मंजुरी आली की दिवाळीनंतर भराव, जानेवारीत जमीन, मार्चअखेर छप्पर. मे महिन्यात पन्हळी आणि पाइप बादलीनं पाणी ओतून तपासायचे. आणि खड्ड्याचे फोटो दर रविवारी, आत एक पट्टी उभी करून काढा, म्हणजे पाणी किती चढलं ते मोजता येईल. वास्तुविशारदाकडे पहिल्यांदा जाल तेव्हा मंजूर नकाशासोबत तेही घेऊन जा.